नायिकेला बोललीस, लागलं मैत्रिणीला

प्रिय मावशी,

मी १९ वर्षांची आहे. आम्हा सहाजणींचा एक वाचनगट आहे. दर महिन्याला एक पुस्तक ठरवतो, वाचतो आणि भेटून त्यावर बोलतो. गेल्या वर्षी एका पुस्तकानं आम्हाला वेड लावलं. त्यातला नायक शंभर वर्षांपूर्वी मेलेला, पण माणसांत वावरणारा. नायिका आमच्या वयाची. मी आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, आम्ही दोघींनी ते तीन-तीनदा वाचलं. त्यातली वाक्यं आम्हाला पाठ होती. दुसऱ्या भागासाठी आम्ही ११ महिने दिवस मोजले.

दुसरा भाग आला आणि मला तो मुळीच आवडला नाही. नायक ६०व्या पानावर 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून निघून जातो, तो थेट ४००व्या पानावर उगवतो. मधल्या काळात नायिका खिडकीत बसून राहते. एक जिवंत, हसरा, भला मुलगा तिच्यावर जीव टाकतो, त्याच्याकडे ती बघतही नाही. गटात माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "हिला कणाच नाही. जरा स्वाभिमान असलेली मुलगी दुसऱ्याच आठवड्यात खिडकी लावून झोपली असती." सगळ्या खो-खो हसल्या. माझी मैत्रीण तेवढी हसली नाही. "तुला प्रेमातलं काय कळतं?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

त्याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून अबोला. माझं म्हणणं तिला नीट कळावं म्हणून मी पुस्तकातले ११ दोष पानांच्या आकड्यांसकट लिहून तिला पाठवले. त्यालाही उत्तर नाही. ती तशीही हल्ली गप्पगप्पच असते, तिचा मित्र शिकायला लांब गेल्यापासून. पण एका पुस्तकावरून इतकं? 'मला आवडलं' असं खोटं सांगू का? की तिला आमच्या मैत्रीपेक्षा ते पुस्तक मोठं वाटतं असं समजून विषय सोडून देऊ?

– दुसऱ्या भागावर चिडलेली

चिडलेल्या मुली,

तुझं पत्र आलं आणि मी दोन्ही भाग मिळवून चार रात्रींत वाचून काढले. हे तुझ्या वयाला शोभतं का, असं मला घरात दोनदा विचारण्यात आलं. मालिकेचं नाव इथे छापत नाही, कारण जिनं दुसरा भाग अजून उघडलेला नाही तिची मजा मी का घालवू? तो ६०व्या पानावर जातो हे तू फोडलंच आहेस, तेवढं पुरे.

आधी पुस्तकाबद्दल बोलू. तुला राग आलाय तो खरा आहे, आणि वाचणाऱ्याचा राग उडवून लावणारी मी नव्हे.

मी अर्धी तुझ्या बाजूची आहे. अशा कथांमध्ये पहिल्या भागाचा सगळा जीव 'यांचं जमणार का?' या एका प्रश्नात असतो. शेवटच्या पानावर जमतं. मग दुसऱ्या भागात करायचं काय? जमलेल्या दोघांना लेखकाला पुन्हा तोडावं लागतं. त्याचे मार्गही ठरलेले. गैरसमज करून द्या, शाप आणा, स्मृती घालवा, मधे तिसरा उभा करा, नाहीतर नायकाला नायिकेच्या भल्यासाठी घर सोडायला लावा. यातला शेवटचा मला सगळ्यात स्वस्त वाटतो, कारण त्यात नायक निघूनही जातो आणि वर थोरही ठरतो. शंभर वर्षं या जगात काढली त्यानं, आणि 'मी गेलो तर तुला चालेल का?' एवढं विचारायला शिकला नाही!

आणखी एक. पहिल्या भागात त्याला वाहतं पाणी ओलांडता येत नाही. पुलाजवळचा तो प्रसंग आठव, किती छान होता. दुसऱ्या भागात हाच गृहस्थ होडीतून येतो. कसा? एक ओळ नाही. भुताखेतांच्या गोष्टीत प्रेम कितीही अशक्य असलेलं मी चालवून घेते, पण भुताचे नियम पाळले गेलेच पाहिजेत. हा दोष तुझ्या यादीत नसेल तर बारावा म्हणून घाल.

मात्र खिडकीच्या बाबतीत मी तुझ्या बाजूची नाही. जिन्यात पाऊल वाजलं की ती हातातल्या पुस्तकात खूण न ठेवताच ते मिटते, आणि पाऊल पुढच्या मजल्यावर गेलं की तेच पान पुन्हा शोधत बसते. हे आठ-दहा वेळा येतं. तुला कंटाळा आला, मला ते आख्ख्या पुस्तकात सगळ्यात खरं वाटलं. चूक तुझीही नाही, माझीही नाही. २००५ साली 'ट्वायलाइट' ही एका रक्तपिपासू नायकाची प्रेमकथा आली आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग, 'न्यू मून'. त्यातही नायक सुरुवातीलाच निघून जातो. त्यानंतर काही पानांवर नुसती महिन्यांची नावं आहेत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी कोरं. ती पानं मी एका वाचकाच्या हातात दिली तर तो म्हणेल, पैसे घेऊन कोरा कागद विकला. दुसरी तिथेच पुस्तक खाली ठेवेल, कारण तिचा स्वतःचा असा एक नोव्हेंबर तिला आठवलेला असेल.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ते तू अकरा दोषांच्या यादीनंतर आणि मला विचारलेल्या प्रश्नांच्या आधी, जाता जाता टाकून दिलंयस. "ती तशीही हल्ली गप्पगप्पच असते, तिचा मित्र शिकायला लांब गेल्यापासून."

हे वाक्य मनात ठेव आणि गटात तू जे बोललीस ते तिच्या कानांनी ऐक. कुणीतरी निघून गेलंय. एक मुलगी वाट बघत बसलीय. आणि जिला आपलं सगळं ठाऊक आहे अशी मैत्रीण चारचौघींत म्हणते की हिला कणा नाही, स्वाभिमान असता तर दुसऱ्याच आठवड्यात खिडकी लावून झोपली असती. त्यावर सगळ्या हसतात.

लेकी बोले सुने लागे, असं आपण म्हणतो. त्यात सासू सुनेला मुद्दामच ऐकवत असते. तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मला पत्रातूनच दिसतं. तुला दोन गोष्टींचा सांधा जुळला असता तर ते वाक्य तू असं सहज लिहिलं नसतंस. पण लागायचं ते लागलंच. तू नायिकेला बोललीस आणि ते जाऊन बसलं मैत्रिणीच्या जिव्हारी.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तो मुलगा कदाचित तिला दिवसातून चार वेळा फोन करत असेल आणि ती वेगळ्याच कशाने गप्प असेल. तरी तुझ्या त्या वाक्यात खोट राहतेच. 'मधली ३४० पानं जागची हलत नाहीत' हे पुस्तकाबद्दलचं मत झालं. ते तू शंभरदा सांग, लेखिकेच्या तोंडावर सांग. 'स्वाभिमान असलेली मुलगी असं करणार नाही' हे मात्र मुलींबद्दलचं मत आहे, आणि अशा एका मुलीला वाट बघत बसताना पाहून गळ्याशी आवंढा आलेल्या सगळ्या वाचकांना ते लागू पडतं. शिवाय एक गंमत बघ. न विचारता निघून गेला तो, आणि तुझ्या पत्रात त्याच्याविषयी रागाचा एक शब्द नाही. सगळा जाळ मागे राहिलेलीवर. ती यादी मी पाहिलेली नाही, पण त्या अकरांत त्याच्या नावावर किती दोष आहेत ते एकदा मोजून बघ.

यादी तू तिला पाठवलीस ते वाचून मी कपाळाला हात लावला, खरं सांगते. तुला ते स्पष्टीकरण वाटलं. तिच्या हातात आरोपपत्र पडलं, तेही पान क्रमांकांसकट. यादी फाडू नकोस, कामाची असणार. गटासाठी जपून ठेव.

खोटं सांगायचं का, हे विचारतेस. नको. वर्षभर जिच्याबरोबर तू ती वाक्यं मोठ्यानं म्हटलीस तिला तुझा तोंडदेखला सूर अर्ध्या वाक्यात ओळखू येईल. मग तिला दोन दुःखं होतील: तू तिला बोललीस हे एक, आणि आता गोंजारते आहेस हे दुसरं. मत बदलण्याची गरजच नाही. कोणी कुणाची व्हावं यावरून वाचक फार पूर्वीपासून भांडत आलेत. 'लिटल विमेन' ही चार बहिणींची कादंबरी. तिचा पहिला भाग १८६८ साली आला आणि मुली लेखिकेला पत्रं पाठवून विचारू लागल्या की या बहिणींची लग्नं कोणाशी होणार. लुईसा मे अल्कॉटनं डायरीत वैतागून लिहून ठेवलं की कुणाला खूश करण्यासाठी मी जोचं (त्या बहिणींपैकी एक) लग्न शेजारच्या लॉरीशी लावणार नाही. १८६९च्या दुसऱ्या भागात तिनं लॉरीला जोच्या धाकट्या बहिणीशी, एमीशी लग्न करायला लावलं आणि जोसाठी एक वयानं मोठा प्रोफेसर आणला. त्या प्रोफेसरला मी आजतागायत माफ केलेलं नाही. माझी बहीण म्हणते, जोला तोच शोभतो. आम्ही दोघी पन्नाशी ओलांडून बसलो आहोत, वाद मिटलेला नाही, आणि दर दिवाळीला नव्यानं होतो. पण 'तुला त्यातलं काय कळतं' असं आम्ही एकमेकींना म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं, त्याची किंमत मोजलेली आहे.

आणि हो, ते वाक्य तुलाही लागलंय. तसं तू कुठेच लिहिलेलं नाहीस, पण पाच आठवड्यांनंतरही ते तू शब्दन् शब्द मला लिहून पाठवलंस. प्रेमात पडायच्या आधी प्रेमाची पुस्तकं वाचायची नाहीत असा काही नियम नाही, नाहीतर या मालिकेच्या निम्म्या प्रती दुकानात पडून राहिल्या असत्या. तिला हे सांग. फक्त पहिल्या भेटीत नको.

पहिल्या भेटीला एकटीच जा. गट नको, हातात पुस्तक नको. मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. जा आणि म्हण, "त्या दिवशी स्वाभिमानाचं बोलले ते चुकलं माझं. सगळ्या हसल्या तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं." बस्स. यापुढे 'पण' आला की आधीचं सगळं पाण्यात गेलं म्हणून समज. 'पण पुस्तक खरंच वाईट आहे गं' हे तुझ्या अगदी जिभेवर येईल, ते गिळ.

त्या मुलाचा विषय आपणहून काढू नकोस. 'मला आत्ता कळलं तू का चिडलीस' असंही म्हणू नकोस, कारण तिनं जे झाकून ठेवलंय ते उघडल्यासारखं होईल. तिनं काढला तर ऐक. ऐकताना तुला वाटेल की हा मुलगा परत यायचा नाही, हिला हे सांगून टाकावं. तुझा अंदाज बरोबरही असेल. तरी त्या दिवशी खिडकी लावण्याचा सल्ला नको. झोप, जेवण, अभ्यास सगळंच सुटलंय असं दिसलं तर मात्र गप्प बसू नकोस. तिच्या घरातल्या ज्या मोठ्या माणसावर तिचा विश्वास आहे त्याच्यापर्यंत तिला घेऊन जा. तसं नसेल तर नुसती बसून राहा तिच्याशेजारी. 'ट्वायलाइट'चीच गोष्ट नायकाच्या बाजूनं सांगणारं 'मिडनाइट सन' २०२० साली आलं, म्हणजे त्याची बाजू ऐकायला वाचकांना पंधरा वर्षं लागली. तुझी मैत्रीण हाकेच्या अंतरावर आहे.

ती दार उघडून 'ठीक आहे' म्हणून पुन्हा लावून घेईल, हेही होऊ शकतं. पाच आठवड्यांचा अबोला एका वाक्यानं सुटत नाही. वाईट वाटू देऊ नकोस, रोज खेटेही घालू नकोस. आठवड्याभरानं पुस्तकाशी संबंध नसलेली काहीतरी साधी गोष्ट सांगायला जा. तिला ते पुस्तक तुमच्या मैत्रीपेक्षा मोठं वाटतं, हे मात्र डोक्यातून काढून टाक. पुस्तकावर रागावलीस म्हणून कोणी पाच आठवडे गप्प राहत नाही.

आणि गटातल्या बाकीच्या चौघींना काहीही समजावून सांगू नकोस. त्या हसल्या, विसरल्या. त्यांच्यापुढे उलगडा करायला गेलीस तर मैत्रिणीची गोष्ट पुन्हा चारचौघींत येईल, आणि या वेळी 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय राहणार नाही.

तिसरा भाग येईल तेव्हा तो होडीत कसा बसला याचं उत्तर त्यात आहे का, ते बघा. तुम्हा दोघींपैकी जिला आधी सापडेल तिनं मला पान क्रमांकासकट कळवावं. पान क्रमांक मला चालतात.

– मावशी