‘यावरून असे दिसते की...’ आणि मग टीव्ही

“डेडलाइन अगदी अंगावर आल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. लिहायला बसले की हात रिमोटकडे जातो. आणि बातम्या बघणं हा तर माझा अभ्यासच आहे, त्यामुळे नक्की चुकतंय काय तेच कळत नाही.”

माध्यम अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी पहिल्या भेटीत हे बोलली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांमध्ये प्रश्न कसे विचारले जातात, यावर तिला ३,००० शब्दांचा निबंध द्यायचा होता. हातात २५ दिवस होते. वहीत फक्त शीर्षक होतं आणि त्याखाली खोडलेली दोन वाक्यं. टीव्ही मात्र रोज चार-चार तास चालू.

अशा वेळी घरचे टीव्ही बंद करायला सांगतात. तिनेही ते करून पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच ते मोडलं. जिचा विषयच बातम्या आहे तिला बातमी चुकण्याची धास्ती वाटणारच, आणि पूर्ण बंदीने ती धास्ती वाढते. म्हणून पहिले चार दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची, असं ठरलं. टीव्ही लावला ती वेळ, आणि त्याच्या आधी लिहिलेले शेवटचे शब्द. एवढंच.

चार दिवसांनी वही उघडली. एक नोंद अशी होती: “७:४०. ‘यावरून असे दिसते की’. टीव्ही.” वाक्य तिथेच तुटलं होतं, कारण यावरून नेमकं काय दिसतं ते तिचं ठरलेलं नव्हतं. बाकीच्या नोंदीही बहुतेक अशाच. दावा करायचा, पण आधार कोणता द्यायचा? दोन उदाहरणांपैकी आधी कुठलं? लिखाण अडायचं ते शब्दांपाशी नाही, निर्णयापाशी. मला विचाराल तर या साऱ्या तक्रारीची किल्ली इथेच आहे. टीव्हीने तिला लिखाणातून उठवलं नव्हतं. ती आधीच अडलेली असायची आणि टीव्ही ही जवळची पळवाट होती. ती अभ्यासासारखी दिसणारी, त्यामुळे अपराधीही वाटू न देणारी.

या पळवाटेला शेवट नसतो, ही खरी अडचण. पूर्वी बातमीपत्र संपायचं आणि माणूस उठायचा. सीएनएनने १ जून १९८० रोजी चोवीस तासांची वृत्तवाहिनी सुरू केली, पुढे ती पद्धत जगभर पसरली आणि बातम्यांना ‘संपलं’ म्हणायची जागाच उरली नाही. खालची पट्टी धावतच राहते, ‘ब्रेकिंग’चा लाल चौकोन हटत नाही, आणि आत्ताच काहीतरी घडतंय असं वाटत राहतं. तिला एक प्रयोग दिला: ४० मिनिटं बघ आणि फक्त नवी माहिती लिही. कागदावर चार ओळी आल्या. बाकी सगळी पुनरावृत्ती होती. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यामुळे पटवून सांगावं लागलं नाही.

“मी बघत नाही, नुसता आवाज चालू ठेवते,” हेही ती म्हणाली. त्यानेही नुकसान होतं. मागे बोलण्याचा आवाज असला, तर तो न ऐकण्याचं ठरवूनही शब्दांचा क्रम लक्षात ठेवण्याचं काम बिघडतं, असं १९७० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. बोलणं अनोळखी भाषेतलं असलं तरीही. वाक्य जुळवताना आपण शब्द मनातल्या मनात धरून ठेवतो, आणि निवेदकाचा आवाज त्याच जागेत घुसतो. पंख्याची घरघर चालते, माणसाचं बोलणं नाही.

आता वेळेचा हिशेब. निबंधाला किती दिवस लागतील, असं विचारल्यावर ती “नऊ” म्हणाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवस होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिनसलं तर किती लागतील, या प्रश्नालाही सरासरी उत्तर ४८.६ आलं, म्हणजे तेही कमीच. आळस हे याचं कारण नव्हे. अंदाज बांधताना आपण काम सुरळीत चाललेलं डोळ्यांसमोर आणतो, मागच्या वेळी काय झालं ते आठवत नाही. म्हणून तिच्या नऊचे पंधरा केले. नोंदीचे चार दिवस जाऊन २१ उरले होते: १५ दिवस रोज २०० शब्द, ४ दिवस संदर्भ आणि पुनर्वाचनाला, २ दिवस राखीव.

२०० शब्दांसाठी २५ मिनिटांच्या दोन बैठका. बैठकीच्या आधी, वेगळ्या कागदावर, एक प्रश्न पूर्ण वाक्यात लिहायचा: “आज मी काय ठरवणार आहे?” उठताना पुढचं वाक्य काय असेल ते एका ओळीत टिपायचं. काम अर्धवट टाकून दुसरीकडे वळलं की मन काही काळ मागेच रेंगाळतं, आणि परत आल्यावर ‘कुठे होते मी’ यातच दहा मिनिटं जातात. ती ओळ ही दहा मिनिटं वाचवते.

मधल्या तारखा स्वतःपुरत्या ठेवल्या नाहीत. दर १,००० शब्द एका वर्गमैत्रिणीला द्यायचे, कच्चे असले तरी. स्वतःला दिलेली तारीख आपण सहज पुढे ढकलतो, पण कुणी वाट बघत असेल तर ढकलताना जड जातं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुसऱ्याने समान अंतराने तारखा ठरवून दिलेल्यांचं काम सर्वांत चांगलं झालं, आणि फक्त शेवटची एकच तारीख असलेल्यांचं सर्वांत कमी.

बातम्या बंद केल्या नाहीत, नंतरला नेल्या. दोन्ही बैठका झाल्यावर, ठरलेल्या वेळचं अर्ध्या तासाचं बातमीपत्र. चालू वाहिनी नाही. मोबाइलवरच्या बातम्यांच्या सूचना बंद, रिमोट दुसऱ्या खोलीत. निबंधासाठी चर्चा बघायच्या त्या रेकॉर्ड केलेल्या, आणि काय मोजायचं ते आधी लिहून.

सहाव्या दिवशी एक मोठी बातमी आली आणि ती पाच तास टीव्हीसमोर बसली. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून ४०० शब्दांचा हट्ट धरला आणि १५० वर अडून रडकुंडीला आली. योजना मोडतात त्या बहुधा चुकलेल्या दिवसामुळे नाही, तर भरपाईच्या दिवसामुळे. राखीव दिवस त्याचसाठी होते. त्यातला एक घेतला आणि पुन्हा २०० वर आलो. अशा दिवसांत जास्त बघितल्याने मन शांत होत नाही, हेही सांगितलं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला होता.

“पण मला प्रेशरखालीच चांगलं सुचतं,” हा तिचा शेवटचा आक्षेप. तो खोटा नाही. शेवटच्या रात्री निवडीला वाव नसतो, म्हणून निर्णय पटापट होतात. मागच्या सत्रातला, एका रात्रीत लिहिलेला निबंध तिला आणायला सांगितला. पहिली तीन पानं स्वच्छ. पुढे समासात लाल शाईत तीनदा “संदर्भ?” आणि एकदा “हे आधी आलं आहे”. ती बराच वेळ ते पान बघत होती.

झोप रोजच उडत असेल, सगळेच विषय मागे पडत असतील किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर हे वेळापत्रकाचं काम नाही. आधी डॉक्टरांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

तिसरा हप्ता मैत्रिणीकडे एक दिवस उशिरा पोचला. निबंध मुदतीच्या दिवशी दुपारी गेला, दोन संदर्भांचे पृष्ठक्रमांक राहून गेले. पुढचं काम चौघांचा गटप्रकल्प आहे, आणि मधल्या तारखा ठरवायला तिने पहिल्याच दिवशी बाकीच्या तिघांना बोलावलं आहे.