रेडिएशननंतर आतड्याची शस्त्रक्रिया करताना चिकटण रोखणारी फिल्म घालणे सुरक्षित आहे का?

आपल्या आईंना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वी रेडिएशन दिलेले आहे आणि आता आतड्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, तेव्हा आतडी चिकटू नयेत म्हणून घालतात ती फिल्म सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे. याच प्रश्नावरून आमच्या घरात नऊ वर्षे वाद चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या आईने पाच आठवड्यांत रेडिएशनचे २५ शेक घेतले होते. त्यानंतर सहा वर्षांनी एका रात्री तिचे पोट फुगले, उलट्या थांबेनात, आणि कोथरूडहून तिला रुग्णालयात न्यावे लागले. सर्जनांनी लहान आतड्याचा आकसलेला भाग काढला आणि उरलेले टोक शेक न लागलेल्या मोठ्या आतड्याला जोडले. फिल्म त्यांनी केवळ पोटाच्या मधल्या चिरेखाली अंथरली, जोडाभोवती मुद्दाम गुंडाळली नाही. बिल पाहून माझे मामा संतापले, "एवढी महागाची वस्तू आणवली आणि नेमकी जोडावरच घातली नाही!" दोन वर्षांनी आईला पुन्हा अडथळा आला, तेव्हा तर त्यांनी सगळा दोष त्या सर्जनांवरच टाकला.

मामांचे म्हणणे चूक होते. शेकामुळे आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे अरुंद होत जातात, रक्तपुरवठा घटतो आणि त्यामुळे जोड भरून यायला वेळ लागतो. हायल्युरोनेट आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांची ही फिल्म साधारण आठवडाभर पोटात टिकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, १,७९१ रुग्णांच्या अभ्यासात ती ताज्या जोडाभोवती गुंडाळली गेली तेथे जोड गळण्याचे प्रमाण अधिक आढळले. तसे करू नये, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकातही आहे. शेक लागलेल्या आतड्याच्या बाबतीत तर हा धोका पत्करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायदाही मर्यादितच आहे. २००६ साली आलेल्या, १,७०१ रुग्णांच्या चाचणीत आतड्याला अडथळा येण्याचे प्रमाण फिल्म घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही गटांत १२ टक्केच होते. चिकटण्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मात्र ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. शिवाय शेकामुळे आतडे आतूनच आकसत असेल, तर बाहेरून घातलेली फिल्म ते थांबवू शकत नाही. आईच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत नेमके हेच दिसले: चिरेखालची आतडी मोकळी होती, अडथळा दुसरीकडे आकसलेल्या भागात होता.

म्हणून फिल्मसाठी हट्ट धरू नका. जोडाचे निदान एक टोक तरी शेक न लागलेल्या भागातील असेल का, हे आधी विचारा. मी डॉक्टर नाही, आणि पोटात जंतुसंसर्ग किंवा शिल्लक कर्करोग असेल तर फिल्मचा विचार आणखी वेगळा करावा लागतो, तो आपल्या सर्जनांनीच करायचा आहे. फिल्म घातलीच, तर ती कोठे घातली याची नोंद शस्त्रक्रियेच्या कागदांत करून घ्या. आमच्याकडे ती नोंद होती, म्हणूनच दुसऱ्या सर्जनांना नेमके कोठे पाहायचे ते कळले. मामांना मात्र मी तो कागद अजून वाचायला लावू शकलेले नाही.