६० लिटरच्या पेटीत १२ इंची सबवूफरला ३ इंची पोर्ट पुरेल का, आणि त्याची लांबी किती ठेवावी?

३ इंची पोर्ट, म्हणजे पेटीतील हवा आत-बाहेर जाण्यासाठीची नळी, अपुरा पडेल. पेटी ३२ हर्ट्झला ट्यून करायची, म्हणजे पोर्टमधील हवा त्या कंपनसंख्येला सर्वांत जोराने हलेल अशी जुळवायची असल्यास १० सेंटिमीटर आतील व्यासाचा, सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीचा एक गोल पोर्ट घ्यावा. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी आणि पोर्टमधील हवा वजनासारखी वागते, म्हणून ट्यूनिंग हे पोर्टचे क्षेत्रफळ, त्याची प्रभावी लांबी (टोकांबाहेर सोबत हलणारी थोडी हवा धरून येणारी) आणि पेटीचे घनफळ या तिघांवर ठरते. त्यामुळे ७.५ सेंटिमीटरचा (३ इंची) पाइप सुमारे १६ सेंटिमीटरचा कापूनही ३२ हर्ट्झ मिळतात, पण तेवढ्याच आवाजाला त्यातून हवा जवळपास पावणेदोन पट वेगाने धावते आणि मोठ्या आवाजात फुसफुस ऐकू येऊ लागते. हा वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या आत राहावा, असा जुना आणि माझ्या मते योग्य संकेत आहे. दुकानातील ११० मिलिमीटर पाइपचे ते माप बाहेरचे असते, तेव्हा आतला व्यास स्वतः मोजूनच हिशेब करावा. मात्र वरील लांबी निव्वळ ६० लिटरसाठी आहे: हा पाइपच सुमारे ३ लिटर जागा खातो, शिवाय स्पीकरचा मागचा भाग आणि आतील आधारपट्ट्याही वजा कराव्या लागतात. पाइप दोन-तीन सेंटिमीटर जास्तच कापावा, म्हणजे नंतर छाटून ट्यूनिंग जुळवता येते, आणि त्याचे आतले टोक पेटीच्या समोरच्या भिंतीपासून किमान एका व्यासाइतके दूर ठेवावे.