कॉर्नेटला ट्रम्पेटचा माउथपीस लावू नका

तुम्ही विचारलंय की बरीच वर्षं ट्रम्पेट वाजवलंय, माउथपीस (ओठांना लावायचा, वेगळा निघणारा भाग) बाख कंपनीचा ३सी आहे आणि आता बी-फ्लॅट कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीचं थोडं बुटकं वाद्य, हातात आलंय. तर अ‍ॅडॅप्टर (दोन मापं जोडणारा तुकडा) लावून तोच माउथपीस चालेल का, की ओठांना सगळं नव्याने शिकवावं लागेल?

बसेल, आणि वाजेलही. तरीही लावू नका. हे एका ओळीत सांगून थांबता आलं असतं, पण याच गोष्टीवरून एका ब्रास बँडमध्ये मला पुढच्या रांगेतून उठवून मागे बसवलं होतं. त्यामुळे हा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही.

आधी मापांचं उरकतो. कॉर्नेटच्या माउथपीसची शँक, म्हणजे वाद्यात शिरणारी दांडी, ट्रम्पेटच्या शँकपेक्षा बारीक आणि आखूड असते. ट्रम्पेटचा माउथपीस साधारण ८७ मिलिमीटर लांब असतो, कॉर्नेटचा ७०च्या आसपास. त्यामुळे ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीत, सरळ जातच नाही, तोंडाशीच अडतो. तिथे जोर लावू नका, रिसीव्हर फाकेल. काही जण शँक लेथवर कातून बारीक करून घेतात. पण आतलं भोक, म्हणजे बॅकबोअर, टोकाकडे रुंद होत जातं. बाहेरून धातू काढला की टोकाला पत्र्याएवढी जाडी उरते आणि माउथपीस एकदा हातातून पडला की ते टोक चेपतं. शिवाय लांबी कमी करायला कापलात तर बॅकबोअर मध्येच तुटतो. मग उरतो अ‍ॅडॅप्टर, आणि माझी हकीकत त्याचीच आहे.

आमचा बँड ब्रिटिश पद्धतीचा होता. त्या रचनेत ट्रम्पेट नसतंच. एक ई-फ्लॅट सोप्रानो, सोलो कॉर्नेटं, रिपियानो, सेकंड, थर्ड अशी वरची सगळी बाजू कॉर्नेटांची आणि शेजारी एक फ्लुगेलहॉर्न. मी सोलो कॉर्नेटच्या रांगेत होतो. आमच्याकडे जो नवा प्रिन्सिपल, म्हणजे कॉर्नेटांचा मुख्य वादक, आला तो ट्रम्पेटवरून आलेला. बोटं तयार, वरचे सूर पक्के, कागद समोर ठेवला की पहिल्या फटक्यात वाचणारा. त्याची ही तयारी मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. त्याने पहिल्याच सरावाला खिशातून अ‍ॅडॅप्टर काढला, आपला ट्रम्पेटचा माउथपीस त्यात बसवला आणि रांगेला सांगितलं, "माउथपीस तो माउथपीस. कॉर्नेट म्हणजे आखडून गुंडाळलेलं ट्रम्पेट. सगळ्यांनी हेच करा, वरचे सूर सुटायचे बंद होतील."

एकेक करत बहुतेकांनी केलं. वरचे सूर खरोखरच सोपे झाले, हे मी लपवत नाही. उथळ कपात, म्हणजे माउथपीसच्या वाटीसारख्या पोकळीत, हवा लवकर पकडते आणि ओठ कमी दमतात. पण सूर लावायची वेळ आली तेव्हा अख्खी रांग उतरलेली. याचा हिशोब सोपा आहे. बी-फ्लॅट कॉर्नेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर. अ‍ॅडॅप्टरमुळे माउथपीस बाहेर सरकतो, आणि तो मुळातच कॉर्नेटच्या माउथपीसपेक्षा लांब. समजा एकूण ३ सेंटिमीटर वाढले, तर वाद्य सुमारे ३५ सेंट उतरतं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, दीड सेंटिमीटर आत ढकलली की नळी ३ सेंटिमीटर कमी होते, कारण स्लाइडला दोन पाय असतात. पण तेवढी स्लाइड बाहेर काढलेली असेल तरच ती आत जाणार! आमच्या रांगेतल्या कित्येकांच्या स्लाइड पूर्ण आत जाऊनही सूर खालीच राहिला.

त्यावर बँडमास्तरांनी काय करावं? त्यांनी बाकीच्या सगळ्या बँडला खाली उतरायला लावलं. हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्यूबा, सगळ्यांनी स्लाइड ओढल्या. ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं त्यांनी आपला सूर सोडला, कारण पुढच्या रांगेला ट्रम्पेटचे माउथपीस हवे होते. मला आजही याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

त्यात पुन्हा वरचं टोक वेगळंच पळत होतं. माउथपीसच्या कपाचा आणि घशाचा, म्हणजे कपाच्या तळाशी असलेल्या अरुंद भोकाचा मिळून स्वतःचा एक सूर असतो. रिम, म्हणजे ओठांना टेकणारी कड, तळहातावर थोपटून बघा, दांडीतून 'टप्प' असा आवाज येतो, तो तो सूर. कप खोल असेल तर हा टप्प खाली लागतो, उथळ असेल तर वर. तो जिथे लागतो त्याच्या आसपासच्या स्वरांशांना वाद्य उचलून धरतं, म्हणून उथळ कपाचा आवाज चकचकीत आणि खोल कपाचा गोल. पण परिणाम फक्त रंगावर होत नाही. वरच्या सुरांना माउथपीस जणू लांब भासतो, आणि कप जितका खोल तितका जास्त. खोल कप गृहीत धरून बनवलेल्या कॉर्नेटला उथळ कप लावलात की वरचे सूर चढतात. मधली सप्तकं जुळवून घेतली तर वरचा ए आणि बी-फ्लॅट टोचायला लागतात. आमच्याकडे नेमकं हेच झालं: खालचं उतरलेलं, वरचं चढलेलं, आणि दोन कॉर्नेटं सप्तकाच्या अंतराने एकच ओळ वाजवायला लागली की मध्ये थरथर.

मी माझा खोल कपाचा माउथपीस सोडला नाही. प्रिन्सिपल म्हणाला, तुझा आवाज रांगेत मिसळत नाही. मिसळत नव्हता, हे खरंच होतं, कारण बाकीचे कॉर्नेट वाजवतच नव्हते.

शेवटी मी सुचवलं की कानांनीच ठरवू. एकच कॉर्नेट, वाजवणारा एकच आणि तोही प्रिन्सिपल स्वतः, एकच संथ प्रार्थनागीत. एकदा त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर, एकदा माझ्या माउथपीसवर, आणि ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. बँडच्या खोलीत असलेल्या प्रत्येकाला फरक कळला. आमचे युफोनियमवाले काका, ज्यांना या वादाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी पहिल्या खेपेला विचारलं, "ट्रम्पेट कुणी आणलंय?" माझ्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला होता. प्रिन्सिपलने त्यातून उलटा अर्थ काढला: "बघा, पहिलाच जास्त स्वच्छ ऐकू आला." बँडमास्तरांनी मान डोलावली, कारण समोर उघड्या मैदानावरचा कार्यक्रम होता आणि त्यांना दूर पोचणारा आवाज हवा होता. पुढच्या सरावापासून माझी खुर्ची सेकंड कॉर्नेटमध्ये गेली.

त्याचे दोन ठरलेले मुद्दे होते, ते तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. पहिला मुद्दा, जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने कॉर्नेट सोडून ट्रम्पेट धरलं. धरलं, १९२०च्या दशकात. पण त्याने वाद्य बदललं. ट्रम्पेटचा आवाज हवा असेल तर ट्रम्पेट वाजवावं, हेच तर मी म्हणतोय, आणि तुमच्याकडे ट्रम्पेट आहेच. दुसरा मुद्दा, संगीतकार स्ट्राविन्स्कीने 'पेत्रुश्का' या बॅलेमधली कॉर्नेटं स्वतः काढून टाकली. १९४७च्या आवृत्तीत काढली, बरोबर. पण १९११च्या मूळ रचनेत त्याने दोन कॉर्नेटं आणि दोन ट्रम्पेटं वेगवेगळी लिहिली होती. बर्लिओझने 'सिम्फनी फँटास्टिक'मध्ये, सेझार फ्रांकने डी मायनर सिम्फनीत, देब्यूसीने 'ला मेर'मध्ये दोन्ही वाद्यं शेजारी शेजारी बसवली. एका पानावर दोन्हींच्या स्वतंत्र ओळी लिहिणाऱ्यांना दोन वेगळे आवाज ऐकू येत होते. फ्रेंच कॉर्नेटची शाळा ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या आर्बांची पद्धत १८६४ची. आज जगभरचे ट्रम्पेटवाले तीच घोकतात आणि ती कॉर्नेटसाठी लिहिलेली आहे. त्या काळी कॉर्नेटचे माउथपीस खोल, नरसाळ्यासारखे निमुळते असत. कॉर्नेटची नळी ट्रम्पेटच्या मानाने जास्त निमुळती असते खरी, पण आजच्या वाद्यांत हा फरक बराच कमी झालाय. उरलेला वेगळेपणा मोठ्या प्रमाणावर माउथपीसमध्येच राहतो. तोच काढून घेतलात तर हातात थोडं बुटकं, थोडं बेसूर ट्रम्पेट उरतं.

आता तुमच्या ओठांचं. ओठांना ओळख असते ती रिमची: तिचा आतला व्यास, कडेची धार, रुंदी. कप आणि शँक ओठांना लागत नाहीत. म्हणून रिम तीच ठेवा आणि तिच्या खालचं सगळं बदला. तुमच्या ३सीचा व्यास बाखच्या यादीप्रमाणे १६.३० मिलिमीटर आहे. त्याच्या जवळची रिम आणि खोल कप असलेला, कॉर्नेटच्या शँकचा माउथपीस शोधा. बाख कॉर्नेटसाठीही ३सी बनवतं. तो घेतलात तर बसण्याचा आणि सुराचा प्रश्न सुटेल, पण कप सीच राहिल्याने आवाज ट्रम्पेटकडेच झुकेल. बाखमध्ये अक्षर ए कडे गेलं की कप खोल, ई कडे गेलं की उथळ. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात पूर्वी ट्रॉम्बोन वाजवणारे डेनिस विक यांच्या नावाचे माउथपीस ब्रास बँडांत पुष्कळ चालतात. त्यांच्या कॉर्नेटच्या मालिकेत नुसता ४ हा खोल आणि ४बी त्याहून थोडा कमी खोल. विकचा ४ आणि बाखचा ४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आकड्यांवरून जुळवाजुळव करू नका. वरचा आणि खालचा भाग वेगळा करता येणारे माउथपीसही मिळतात, वॉरबर्टनचे तसे आहेत. त्यात ओळखीची रिम ठेवून खाली कॉर्नेटचा बॅकबोअर लावता येतो.

खोल कप सुरुवातीला जड वाटेल. वरचे सूर उशिरा बोलतील, ओठ लवकर थकतील. त्याला काही आठवडे द्या, हळू आवाजात लांब सूर धरा, आणि या दिवसांत ट्रम्पेटही रोज थोडं वाजवत राहा, म्हणजे ओठ दोन्हींमध्ये ये-जा करायला शिकतील. जोर लावून वर चढायचा मोह होईल, तो आवरा. कॉर्नेटला जोर मानवत नाही.

सेकंड कॉर्नेटमध्ये गेल्यावर मला मधल्या आणि खालच्या सुरांच्या ओळी मिळाल्या, आणि तिथे खोल कपाचा आवाज हॉर्नशी असा काही जुळायचा की हॉर्नवाले माझ्याकडे वळून बघायचे. पुढच्या रांगेला ते कधी जमलं नाही. हे प्रिन्सिपलला मी तोंडावर सांगितलं होतं, इथेही सांगतो.

काही अपवाद आहेत, तेही लिहिले पाहिजेत. ई-फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट वाजवणारे बऱ्याचदा मुद्दाम उथळ कप घेतात, तिथे माझं खोल कपाचं म्हणणं लागू नाही. जॅझमध्ये कॉर्नेटला धार हवी असू शकते. लांब आकाराच्या अमेरिकन कॉर्नेटवर सी कप वाजवणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, मात्र शँक त्यानेही कॉर्नेटचीच वापरावी. आणि जुन्या वाद्यांचे रिसीव्हर कधी कुणी बदलून घेतलेले असतात. तुमच्या कॉर्नेटमध्ये ट्रम्पेटचा माउथपीस अ‍ॅडॅप्टरशिवाय दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन घट्ट बसत असेल, तर तसंच काहीतरी झालंय आणि मग आधी रिसीव्हर तपासून घ्यावा लागेल. उलट, कॉर्नेटचा माउथपीस घातल्यावर तो डगमगत असेल तरी तेच. रिसीव्हरच्या तोंडाचा आतला व्यास मोजून कॉर्नेटच्या मेकसकट इथे टाका, कुठली शँक घ्यायची ते सांगतो.