शेवटचा भिडू आला की घड्याळ लावा

प्रश्न : ताई, मी 49 वर्षांची आहे. कराडला रोज सकाळी 25-30 किलोमीटर सायकल चालवते. डिसेंबरात आमच्या गटाची श्रीवर्धन ते गणपतीपुळे अशी सायकलसहल ठरली आहे. त्यात एक दिवस हरिहरेश्वर ते गुहागर, जवळजवळ 100 किलोमीटर. बाकीचे सगळे तिशी-पस्तिशीतले. चढावर मी हमखास मागे पडते. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून नाव काढून घ्यावं असं मनात येतंय. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नाव अजिबात काढून घेऊ नका. हा रस्ता मी चार वेळा केलाय आणि त्यातल्या तीन वेळा सगळ्यात मागे मीच होते.

आधी रस्त्याचं सांगते. 100 आकडा ऐकून आपल्याला देशावरचा हिशेब आठवतो. कोकणात तो चालत नाही. प्रत्येक खाडीपाशी रस्ता पार पाण्याच्या पातळीला उतरतो आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो. चढ फार लांब नसतात, पण उभे असतात आणि संपता संपत नाहीत. त्यासाठी चढ सुरू व्हायच्या आधीच पुढची लहान आणि मागची मोठी चकती लावून ठेवा. पेडलवर सगळा जोर आल्यावर गिअर बदलायला गेलात, तर चेन उतरते.

माझी पहिल्या वेळी अशीच उतरली. आम्ही अकराजण होतो. केळशी सोडल्यावर एका चढावर चेन मागची सगळ्यात मोठी चकती आणि स्पोक यांच्या मधल्या फटीत जाऊन रुतली. सायकल उलटी करून, बोटांनी एकेक कडी ओढत ती बाहेर काढायला वीस मिनिटं गेली. वंगणाने हात मनगटापर्यंत काळे. पुढच्या कुणाला पत्ताच नव्हता. आंजर्ल्याला पोहोचले तेव्हा सगळ्यांची शहाळी पिऊन झाली होती. मला पाहिल्याबरोबर "आल्या, आल्या, चला" म्हणत त्यांनी हेल्मेटं चढवली. मी एक पाय जमिनीला टेकवला आणि उचलून परत पेडलवर ठेवला. हर्णैला तेच, कर्द्याला तेच. दाभोळच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत दोन्ही मांड्यांत गोळे आले होते. फेरीबोटीतून पलीकडे धोपाव्याला उतरले आणि सायकल टेम्पोत टाकून गुहागर गाठलं. त्या रात्री मी फार रडले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की बाकीच्यांना दिवसभरात चार विसावे मिळाले आणि मला एकही नाही. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. बहुतेक गटांत हे असंच चालतं, कुणाच्या मनात वाईट नसताना.

पुढच्या खेपेला मी निघायच्या आधीच नियम करून घेतला : शेवटचा भिडू सायकलवरून उतरला, बाटलीला तोंड लावलं, की तिथून घड्याळ लावायचं. पुढे पंधरा मिनिटं. आधी आलेले अर्धा तास बसलेले असोत, त्यांनी आणखी पंधरा मिनिटं बसायचं. आणि "चला" म्हणायचं ते शेवटी आलेल्याने. दुसरं, शेवटच्या भिडूच्याही मागे एक अनुभवी माणूस हवा. त्याच्याजवळ पंप, ट्यूब, चेन जोडायचं हत्यार आणि थोडं जास्तीचं पाणी. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. तो पुढे जायचा नाही, काही झालं तरी. त्या वर्षी मी गुहागरला स्वतःच्या पायांनी पोहोचले, उजेड असताना.

या रस्त्यावर गट एकत्र आणायची सोयही आहे. बाणकोटच्या खाडीत बागमांडला ते वेश्वी आणि वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे, दोन्हीकडे फेरीबोट. शेवटचा आल्याशिवाय कुणीही बोटीवर सायकल चढवायची नाही, हे आधीच ठरवा. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

खाण्याकडे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. मागे पडणारी माणसं वेळ वाचवायला खाणं टाळतात, मीही तेच केलं होतं. सकाळच्या पोह्यांवर हर्णैपर्यंत कसं निभणार? दर तासाला एक केळं नाहीतर दोन-तीन खजूर. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि एकाआड एक बाटलीत लिंबू, मीठ, साखर. दमट हवेत घाम वाळत नाही, डिसेंबरातही. राजगिऱ्याचा लाडू बसल्यावर खा, चढावर नको. धापा टाकताना त्याचा भुगा घशात गेला की ठसका थांबत नाही.

उतारावर पोरांच्या मागे लागू नका. ब्रेक एकसारखे दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. रस्ता अरुंद, त्यात वळणावर एसटी अख्खा रस्ता घेऊन येते.

तयारीला दोन महिने हातात आहेत. रोजचे 25-30 सपाटीचे किलोमीटर पुरणार नाहीत. एखाद्या रविवारी कुंभार्ली घाट पोफळीकडून चढून बघा, सहलीला नेणार तेवढंच सामान कॅरिअरला बांधून. वेगाची चिंता करू नका, न उतरता किती वेळ बसता ते बघा. आणि हे उत्तर तुमच्या गटप्रमुखांना वाचायला द्या. एवढं वाचूनही ते घड्याळाचा नियम मान्य करत नसतील, तर दुसरा गट शोधा.

प्रश्न : 60-70 किलोमीटरनंतर माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हातमोजे बदलून पाहिले, फरक नाही. सायकलमध्ये काही दोष असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, सीट बघा. तिचं टोक खाली झुकलं असेल, तर अंग पुढे घसरतं आणि धडाचा भार तळहातावर येतो. करंगळीच्या बाजूने जाणारी नस तिथेच दबते. सीट सपाट करा, हँडल थोडं वर घ्या. कोपर ताठ ठेवू नका आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला. एवढं करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत असेल, किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं साथ देत नसतील, तर पुढची राईड रद्द करून आधी डॉक्टरांना हात दाखवा.