रूममेटशी पटत नाही म्हणून करार संपायच्या आधी घर सोडलं तर डिपॉझिट परत मिळतं का?

घणसोलीत तिघींनी मिळून वन बीएचके, करार ११ महिन्यांचा, झालेत चार आणि एकीमुळे संध्याकाळी घरी जावंसंच वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मालक म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा." राग येतो, पण त्याचं तसं चुकत नाही. तुमचं भांडण रूममेटशी आहे, व्यवहार मात्र त्याच्याशी झालाय, आणि डिपॉझिटचं काय होणार ते व्यवहारावर ठरतं.

मी ऐरोलीत यातून गेले आहे. आमच्यात दुधाच्या पिशवीवरून सुरू झालं, शेवटी फ्रीजच्या कप्प्यांवर नावांच्या चिकटपट्ट्या लागल्या. सिलिंडर कोणी मागवायचा यावरून दोन दिवस घरात चहा झाला नाही. एका रविवारी मी टेम्पो बोलावला आणि निघाले. माझे २० हजार नवीन येणारी मुलगी देईल, असं ठरलं होतं. तोंडी! ती दीड महिन्यात पैसे न देताच गेली. करारावर नाव माझंच राहिलं. मुदत संपल्यावर मालकाने रंगाचे आणि गीझरचे पैसे कापले, हातात साडेअकरा हजार आले. घराची अवस्था मी पाहिलीच नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून आधी करार काढा. एजंट थंब घ्यायला घरी आला होता ना, त्याच्याकडून पीडीएफ मागवा. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, किती महिन्यांचं आणि नोटीस किती दिवसांची, हे दोन कलमांत सापडेल. लॉक-इन संपलं असेल तर नोटीस देऊन निघता येतं, फक्त तिघींपैकी एकटीला निघता येईल असं लिहिलंय का ते बघा. बहुतेक करारांत ते नसतंच. तिघींची नावं एकाच करारावर असली की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालक पूर्ण भाडं एकीकडूनही मागू शकतो. जिने जास्त भरलं तिने ते बाकीच्यांकडून वसूल करत बसायचं. म्हणजे सामान हललं तरी जबाबदारी हलत नाही.

आणि हो, ११ महिन्यांचा करार सहसा लिव्ह अँड लायसन्सचा असतो; त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, लायसन्सी असता, म्हणजे फक्त राहायची परवानगी मिळालेली व्यक्ती. भाडेकरूंच्या हक्कांबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं तुम्हाला लागू होत नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ भाडेकरू आणि लायसन्सी दोघांनाही लागू आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेणं ही मालकाची जबाबदारी. त्याने तो केलाच नसेल, तर अटींबाबत तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. साध्या स्टँपपेपरवर सह्या घेऊन डिपॉझिट अडवणाऱ्या मालकाला हे कलम नुसतं ऐकवलं तरी फरक पडतो.

करारावर तुमचं नावच नसेल आणि पैसे रूममेटला दिले असतील, तर मागायचे तिच्याकडूनच. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

माझ्या मते तुमच्यासाठी सरळ मार्ग हा: मालकाला ईमेलवर नोटीस द्या, बदली मुलगी शोधा आणि जुना करार रद्द करून नवीन नोंदवून घ्या. नवी मुंबईत नोंदणी शुल्क १,००० रुपये, मुद्रांक शुल्क करारातलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं ठरावीक व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या पाव टक्का, वर एजंटची फी. तो खर्च तुम्ही उचलते म्हणालात तर मालक सहसा नाही म्हणत नाही. डिपॉझिट नवीन मुलीने थेट तुम्हाला द्यायचं असेल तर तसं मालकाच्या सहीने लिहून घ्या, आणि रक्कम खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका.

तोवर रूममेटने कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं, तर तो हक्क तिला नाही. नाव करारावर असेल तर घरावर तुमचाही तेवढाच हक्क आहे. धमकी, हाणामारी असेल तर वाट न बघता ११२ लावा.

निघायच्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग, भिंती, गीझर, नळ यांचा एक सलग व्हिडिओ काढून मालकाला लगेच पाठवा. माझ्याकडे त्या गीझरचा एकही फोटो नव्हता.