मुलीच्या डॉक्टरांना सांगून नवऱ्याची सिगारेट सोडवता येते का?

येते. निदान सुरुवात तरी तिथून नक्की होऊ शकते. पण तुम्ही डॉक्टरांकडे जे मागायचं ठरवलंय, ते मागू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ महिन्यांची आहे, सर्दी झाली की दर वेळी तिची छाती घरघरते, नवरा 'मी तर गॅलरीत जाऊन ओढतो' म्हणून विषय संपवतो, आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी त्याला चांगलं घाबरवावं अशी तुमची इच्छा आहे. मी स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे. ही विनंती मला फोनवर, चिठ्ठीवर, नवरा बाहेर गेल्यावर कुजबुजत, सगळ्या प्रकारे झालेली आहे. घाबरवणं सोपं असतं हो, दोन मिनिटांत बापाचा चेहरा उतरवता येतो. पण त्याने सिगारेट सुटत नाही, सुटतं ते त्याचं दवाखान्यात येणं. पुढच्या खेपेला तो गाडी लावायच्या निमित्ताने खालीच थांबतो. नाहीतर वर येतो आणि 'सोडली' म्हणून ठोकून देतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण घरघर का हटत नाही याचा विचार करताना बाळाच्या आसपास धूर आहे की नाही हे मला खरं कळायला हवं असतं. ते लपलं, तर मी विनाकारण औषधं वाढवत बसतो.

सिगारेट वाईट हे त्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे नाहीत ती औषधं, आणि ती कशी वापरायची हे समजावून सांगणारं कुणी. पंचविशी-तिशीतला धडधाकट माणूस स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढतच नाही. बाळासाठी मात्र पहिल्या वर्षात लसी, वजन, ताप-खोकला मिळून कितीतरी वेळा येतो. म्हणजे त्याला भेटणारा एकमेव डॉक्टर बहुतेक वेळा मुलांचाच असतो.

हाच धागा धरून अमेरिकेत 'सीझ' नावाचा कार्यक्रम उभा राहिला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. पद्धत साधी आहे: प्रत्येक पालकाला विचारायचं, ओढत असेल तर तिथेच औषधाची चिठ्ठी द्यायची, आणि पुढच्या मदतीसाठी सिगारेट सोडवणाऱ्या हेल्पलाइनशी जोडून द्यायचं. चिठ्ठी पालकाच्या नावाने, पण लिहिणार मुलांचा डॉक्टर. 2013 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पद्धत लावलेल्या दवाखान्यांत ओढणाऱ्या पालकांपैकी सरासरी 42.5 टक्क्यांना काहीतरी ठोस मदत मिळाली. नेहमीच्या दवाखान्यांत 3.5 टक्क्यांना. मला यातला दुसरा आकडा जास्त बोचतो.

अर्थात मदत मिळणं वेगळं आणि सिगारेट सुटणं वेगळं. मुलांच्या निमित्ताने पालकांची सिगारेट सोडवण्याच्या बऱ्याच चाचण्या 2012 मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा मदत मिळालेल्यांत सुमारे 23 टक्के लोकांनी सोडली होती आणि न मिळालेल्यांत 18 टक्के. फरक आहे, पण जादू नाही. एका भेटीत नवरा बदलून मिळेल अशी आशा धरून येऊ नका.

आता गॅलरीचं. त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नका. बाहेर ओढणाऱ्यांच्या बाळांच्या शरीरात निकोटिनचा अंश घरात ओढणाऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी सापडतो. पण अजिबात न ओढणाऱ्यांच्या घरापेक्षा जास्त सापडतो. धूर शर्टाला, केसांना, बोटांना चिकटून आत येतो, आणि आठ महिन्यांचं मूल तोच शर्ट तोंडात घालतं. खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा लावून धोका जात नाही. इतक्या धुराने काही होत नाही अशी सुरक्षित पातळीच नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-डॉक्टरच्या) 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. घर आणि गाडी पूर्ण बिनधुराची, ओढून आल्यावर हात धुणं, वरचा शर्ट बदलणं, एवढं आजपासून करा. मात्र त्यावर थांबू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलायचं? पहिली गोष्ट म्हणजे, जायच्या आधी नवऱ्याला सांगा की मी हा विषय काढणार आहे. तिथे अचानक 'बघा ना डॉक्टर, हे ऐकतच नाहीत' असं झालं की तो आपल्या बचावात शिरतो आणि सगळी भेट त्यातच जाते. दुसरं, निघता निघता नको, बसल्या बसल्या सांगा. 'घरी सिगारेट ओढली जाते, यांना सोडायला मदत मिळेल का?' एवढं एक वाक्य पुरे.

मी स्वतः 'घरात कुणी ओढतं का' असं विचारत नाही. त्याला 'नाही' हेच उत्तर येतं, गॅलरी घरात मोजत नाहीत. 'बाळाच्या जवळ असणाऱ्यांपैकी कुणी ओढतं का, कुठेही?' असं विचारलं की बाप जरा हसतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. मग दोनच प्रश्न: दिवसाला किती, आणि सकाळी उठल्यावर पहिली कधी. दहापेक्षा जास्त असतील तर साधारण 21 मिलिग्रॅमच्या निकोटिन पॅचपासून, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या पट्टीपासून, सुरुवात करतात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर निकोटिनचा गम (चघळायचा) 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा. पॅच दिवसभराची निकोटिनची भूक भागवतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा किंवा गमपेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्याला हृदयाचा काही त्रास असेल तर तो आधी सांगायला हवा.

गम चुकीचा खाल्ल्यामुळे सोडणारे खूप दिसतात. नेहमीच्या च्युइंगगमसारखा तो कचाकचा चावला की घसा जळतो, उचक्या लागतात, आणि माणूस 'मला हे सोसत नाही' म्हणून फेकून देतो. तो हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी किंवा फळांचा रस नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. पॅच रोज सकाळी नव्या जागी, कोरड्या आणि बिनकेसाच्या कातडीवर. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायचा. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून मुलीच्या हाती लागणार नाही असा टाका. वापरलेल्या पॅचमध्येही बाळाला विषबाधा होईल इतकं निकोटिन उरलेलं असतं. ई-सिगारेटमध्ये भरायच्या पातळ निकोटिनच्या बाटलीचं तर घरात नावच नको.

तुमचे डॉक्टर 'मी मोठ्यांना औषध देत नाही' म्हणाले, तर वाद घालू नका. देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि हेल्पलाइनचा नंबर तिथेच लिहून घ्या. गोळ्यांची औषधंही आहेत, व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन, पण ती मोठ्यांच्या डॉक्टरांनी तपासूनच द्यायची.

पहिले दोन-तीन दिवस तो चिडचिडा होईल, झोप उडेल. तलफ काही मिनिटांत ओसरते, पण ती मिनिटं लांब वाटतात. दोन-चार आठवड्यांत बराचसा त्रास कमी होतो. मध्येच एखादी ओढली, तर 'सांगितलं नव्हतं?' असं म्हणू नका आणि पॅचही बंद करू नका. पुढच्या लसीच्या तारखेला डॉक्टरांना तेवढं सांगा. आणि तो या खेपेला 'नाही' म्हणाला, तर डॉक्टरांना म्हणा की पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. आज नाही म्हणणारे दोन-तीन भेटींनंतर आपणहून चिठ्ठी मागताना मी पाहिलेत.

एक शेवटचं, मुलीबद्दल. घरघर धुरामुळेच आहे असं धरून तिचं औषध किंवा वाफ स्वतःहून बंद करू नका. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ती नीट दूध पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर लसीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी दवाखान्यात न्यायचं.